कारागिराचा उंबरा की दुकानाची पायरी?

पनवेलच्या बाजारपेठेत आमच्या थोरल्या बंधूंचे कापडाचे दुकान गेली पंचेचाळीस वर्षे चालू आहे. त्यांच्या धाकट्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, नऊ वर्षांपूर्वी त्याच दुकानाच्या माडीवर वाद्यांची विक्री सुरू केली. पेट्या, तबले, गिटारी, कीबोर्ड आणि भिंतीलगत गवसणी घालून उभे केलेले मिरजेचे चार तंबोरे, असा तो पसारा आहे. निवृत्तीनंतर संध्याकाळी तासभर तेथे जाऊन बसणे हा माझा नित्यक्रम झाला आहे. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला जे दिसत नाही ते कोपऱ्यात बसलेल्या माणसाला दिसते, हा बँकेतील अडतीस वर्षांचा अनुभव तेथेही उपयोगी पडतो.

गेल्या आश्विनात एकाच संध्याकाळी दोन ग्राहक आले. पहिला एक तरुण होता. चर्चच्या वाद्यवृंदात तो गिटार वाजवतो. त्याला ‘पेडल स्टील गिटार’ हवी होती. पुतण्याने घाऊक व्यापाऱ्यांकडे फोन करून पाहिले. कोणाकडेच ती नव्हती. तरुण हसून म्हणाला, ‘‘मला कल्पना होती. ही दुकानात मिळत नाही, बनवणाऱ्यालाच सांगावी लागते.’’

दुसऱ्या ग्राहक नवीन पनवेलच्या एक संगीतशिक्षिका होत्या. त्यांनी तासभर बसून चारही तंबोरे लावून पाहिले, एकाची जवारी फार आवडल्याचे सांगितले, आत चिकटवलेल्या कारागिराच्या नावाचे छायाचित्र काढले आणि ‘‘घरी विचारून सांगते’’ असे म्हणून निघून गेल्या. महिन्याभराने कळले की त्यांनी त्याच कारागिराकडून थेट मिरजेहून तंबोरा मागवला.

पुतण्या दुखावला. म्हणाला, ‘‘काका, आपण नुसते काचेचे कपाट झालो आहोत. लोक इथे पाहतात आणि तिथे घेतात. कारागीरही तसेच, आमच्याकडे माल ठेवतात आणि मागच्या दाराने स्वतः विकतात. मी तंबोरे परत पाठवतो आणि ती जागा कीबोर्डला देतो. तुमचे काय मत?’’

मी त्याच्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली. प्रश्न त्याच्या चार तंबोऱ्यांपुरता नव्हता. कापड, भांडी, औषधे, धान्य यांपैकी कोणत्याही धंद्यात असलेल्या आपल्या घरांतून आज हाच प्रश्न ऐकू येतो : उत्पादक आणि ग्राहक परस्परांना भेटू लागले, तर मध्ये बसलेल्या दुकानदाराने काय करावे?

पायाने सूर बदलणारी गिटार

प्रथम त्या तरुणाच्या वाद्याविषयी. हवाई बेटांतील जोसेफ केकुकू याचे नाव ज्या वादनपद्धतीशी जोडले जाते, ती अशी : गिटार आडवी ठेवायची आणि तारांवर बोटांऐवजी पोलादाची कांडी सरकवायची. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनापासून या वादनाचे वेड अमेरिकाभर पसरले. आपल्याकडे ताउ मो या हवाईयन वादकाने १९४० च्या दशकात कलकत्त्यात ते शिकवले. पुढे पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी या गिटारीवर राग वाजवले. पंडित शिवकुमार शर्मा व पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अनेक घरांत असेल. पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा याच घराण्यातली.

अमेरिकेत या आडव्या गिटारीला पाय फुटले. चौकटीवर बसवलेल्या दहा तारा, खाली पायाने दाबायचे पेडल आणि गुडघ्याने हलवायच्या कळा. त्या दाबल्या की आतील सळ्या ठरावीक तारा ताणतात किंवा सैल करतात आणि वाजता वाजताच सूर बदलतो. कोणत्या पेडलने कोणती तार किती चढावी हे वादकागणिक वेगळे असू शकते. वादकाची उंची, गुडघ्यांतील अंतर, बसण्याची सवय यांवर कळांची जागा ठरते. थोडक्यात, हा तयार शर्ट नव्हे. शिंप्याकडे माप देऊन शिवलेला सदरा आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियात एकाच काळी दोन कारागीर होते. पॉल बिग्सबी हे वादकाची मागणी ऐकून स्वतः एकेक वाद्य घडवीत. स्पीडी वेस्ट या नामवंत वादकाची पेडल स्टील त्यांनीच बनवली, आणि वाद्याच्या दर्शनी बाजूवर वादकाचे नाव जडवण्याची त्यांची रीत होती. त्यांच्या गिऱ्हाइकांना रांगेत थांबावे लागे. दुसरे लिओ फेंडर, मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांनी एकसारख्या गिटारी यंत्रांवर काढल्या आणि विक्रीसाठी स्वतंत्र संस्था उभारून देशभरच्या दुकानदारांमार्फत त्या विकल्या. १९६५ साली फेंडर यांची कंपनी सीबीएस या मोठ्या उद्योगाने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. बिग्सबी तेवढे मोठे कधीच झाले नाहीत.

येथपर्यंत वाचून आपण म्हणू की दुकानदारी जिंकली. पण गंमत पुढे आहे. फेंडर यांनीही पेडल स्टील काढल्या. तरी त्या वाद्याच्या जगात नाव झाले ते छोट्या कारखान्यांचे. बडी एमन्स हा स्वतः अव्वल वादक. त्याने शॉट जॅक्सनबरोबर १९५७ मध्ये ‘शो-बड’ सुरू केली आणि १९६३ मध्ये तेथून बाहेर पडून स्वतःच्या नावाची कंपनी काढली. वाजवणारा आणि घडवणारा यांच्यात जितके कमी अंतर, तितके ते वाद्य चांगले, असा तेथील वादकांचा अनुभव. म्हणजे त्याच देशात, त्याच काळात, गिटार दुकानातून विकली गेली आणि पेडल स्टील बहुधा हातातून हातात. फरक व्यापाऱ्यांच्या हुशारीत नव्हता, मालाच्या स्वभावात होता.

मिरजेची गल्ली

हे सारे वाचताना मला अमेरिकेपेक्षा मिरज आठवत होती. माझी नोकरीतील काही वर्षे दक्षिण महाराष्ट्रात गेली.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तेथील कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमल आला, शस्त्रांचे काम संपले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने फरीदसाहेबांनी वाद्यांची दुरुस्ती आणि मग निर्मिती सुरू केली. धंदा बुडाला म्हणून हात बांधून न बसता, पोलाद ओळखणाऱ्या हातांनी लाकूड आणि तार ओळखायला शिकले. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, आणि गाणाऱ्यांचा व घडवणाऱ्यांचा शेजार त्या गावाला लाभला. कलावंताने कारागिराच्या ओट्यावर बसावे, स्वर लावून दाखवावा, ‘जवारी अजून थोडी खुली हवी’ म्हणावे आणि कारागिराने घोडीवर कानस फिरवावी, असा तो व्यवहार. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे दुसरीकडे बनलेल्या वाद्यावर मिरजेचे नाव लावून विकणाऱ्यास कायद्याने अटकाव करता येतो.

तंबोऱ्याचा भोपळा भीमेच्या काठच्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. तो खाण्याचा नव्हे, कडू. म्हणून किडीला सहसा नकोसा. तो महिनोन् महिने वाळवावा लागतो. दोन भोपळे सारखे नसतात, म्हणून दोन तंबोरे सारखे नसतात. पुरुषाच्या खर्जाच्या स्वराला मोठा भोपळा, स्त्रीच्या स्वराला आटोपशीर. गाणारा काळी एकला गातो की पांढरी चारला, यावर तारांची जाडी ठरते. घोडीचा माथा किती उताराचा घासायचा यावर जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला, घुमणारा नाद, अवलंबून. हा नाद कायम राहत नाही. तारांच्या घर्षणाने घोडीला खाचा पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते. पनवेलच्या पावसाळी हवेत लाकूड फुगते, खुंट्या अडकतात, स्वर उतरतो.

याच्या शेजारी बेंगळुरूच्या रॅडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा ठेवा. एक यंत्र दुसऱ्यासारखेच. बटण दाबले की वाजते, बिघडले की हमीपत्र दाखवून बदलते. हा माल दुकानासाठीच जन्मलेला आहे. लाकडी तंबोरा मात्र पेडल स्टीलचा सख्खा भाऊ. म्हणून संगीतशिक्षिका थेट मिरजेला गेल्या यात अप्रामाणिकपणा नव्हता. त्यांना आपल्या स्वराचे माप ज्याच्याजवळ द्यायचे होते, तो माणूस तेथे होता.

माझी एक चूक

येथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. १९९० च्या दशकात मी ज्या शाखेत कर्जविभाग पाहत होतो, तेथे एका वाद्यकारागिराचे छोटे कॅश क्रेडिट खाते होते. त्याने मर्यादा वाढवून मागितली. कारण विचारता म्हणाला, ‘‘साहेब, भोपळे वर्षातून एकदाच मिळतात. या हंगामात घेतले नाहीत तर पुढल्या वर्षी काय कोरू?’’

मी कागद पाहिले. त्याचा बराचसा माल दूरच्या एका शहरातील दुकानदाराकडे गेलेला होता. येणे रक्कम चांगली दिसत होती, पण सारी नव्वद दिवसांवरची, काही तर वर्षाची. नव्वद दिवसांपलीकडचे येणे हिशेबात धरायचे नाही, हा नियम. तो वजा करता त्याची ‘ड्रॉइंग पॉवर’ वाढण्याऐवजी घटलीच. मी मर्यादा वाढवली नाही. उलट जास्तीची उचललेली रक्कम भरण्यास सांगितले. तो काही बोलला नाही. मला वाटते त्याला राग आला नसावा. सवय झाली असावी. त्या वर्षी त्याने दोन जुन्या, मुरलेल्या सतारी मिळेल त्या भावाने विकून बँकेचे पैसे भरले. भोपळे दुसऱ्याने घेतले.

नियमाप्रमाणे मी बरोबर होतो, आजही म्हणेन. पण कागदाच्या पलीकडे मी पाहिले नाही ही माझी चूक. त्या दुकानदाराच्या शोभिवंत दालनात जो माल लटकत होता, तो कोणाच्या भांडवलावर लटकत होता? ज्याच्या अंगणात भोपळे सुकत होते त्याच्या. ‘विकले की पैसे पाठवतो’ या चार शब्दांनी एका कारागिराला एका व्यापाऱ्याचा बिनव्याजी सावकार करून ठेवले होते. आणि त्या सावकाराला मी कर्ज नाकारले होते. ‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’ ही म्हण आपण घेणाऱ्याला ऐकवतो. ती देणाऱ्याच्या घरात खरी होते.

कागदावर मांडून पाहू

वाणिज्याचा विद्यार्थी असल्याने मला आकड्यांशिवाय समाधान होत नाही. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत, बाजारभाव नव्हेत.

समजा, एका तंबोऱ्याला माल आणि मजुरी धरून १८,००० रुपये खर्च आला. दुकानदार तो २३,००० ला घेतो व ३२,००० ला विकतो. कारागीर थेट विकतो तेव्हा ३०,००० घेतो.

थेट विक्रीत कारागिराच्या हाती वरकरणी १२,००० उरतात. पण त्यातून लाकडी पेटी व वाहतुकीचे १,५०० गेले. फोनवर बोलणे, चित्रफिती पाठवणे, घरी आलेल्यांना वाद्ये लावून दाखवणे यांत मिळून कामाचे चार दिवस गेले. दिवसाचे १,००० धरले तर ४,०००. वर्षभरात एकदा जवारी फुकट काढून देण्यासाठी प्रवास व श्रम १,५००. एकूण ७,००० वजा होऊन उरले ५,०००.

दुकानामार्फत विकला तर २३,००० मधून १८,००० वजा होऊन उरतात ५,०००. म्हणजे दोन्ही पारडी तंतोतंत सारखी! पण दुकानदाराने पैसे सहा महिन्यांनी दिले, तर १८,००० वर द.सा.द.शे. १२ दराने १,०८० रुपये व्याज कारागिराच्या अंगावर पडले आणि उरले ३,९२०. वर्षाने दिले, तर व्याज २,१६० आणि शिल्लक २,८४०.

या गणिताचा अर्थ मला असा दिसतो. दुकानदाराचा नफा कारागिराला जाचत नाही. दुकानदाराने त्याचे चार दिवस वाचवलेले असतात, पेटी वाचवलेली असते, ग्राहकाची समजूत काढलेली असते. तळे राखील तो पाणी चाखील, हे कारागिरालाही मान्य आहे. त्याला जाचते ती उधारी. दुकानदार रोखीने घेत असेल तर बहुतेक कारागीर मागचे दार स्वतःहून बंद करतील, कारण त्यांना वाद्य घडवण्यात रस आहे, फोन उचलण्यात नाही.

आता दुकानदाराची बाजू. २३,००० ला रोख घेतलेला तंबोरा वर्षभर विकला गेला नाही, तर २,७६० व्याज गेले. त्याने अडवलेल्या जागेचे भाडे महिना ३०० धरले, तर ३,६०० गेले. ९,००० च्या नफ्यातून हाती राहिले २,६४०. तेवढ्याच काळात ८,००० चा कीबोर्ड दरमहा एक याप्रमाणे हजार रुपये नफ्याने विकला, तर वर्षाला १२,००० मिळतात, आणि भांडवल अडकते ते आठच हजार. मालाची फिरत हीच व्यापाराची नाडी. म्हणून पुतण्याचा ‘जागा कीबोर्डला देतो’ हा विचार व्यापारी म्हणून चुकीचा नव्हता. तंबोरा रोखीने घेणे त्याला परवडत नाही, आणि उधारीने देणे कारागिराला परवडत नाही. खरी अडचण ही आहे.

रजिस्टरातील कोरा रकाना

येथवर विचार झाल्यावर मी पुतण्याला त्याचे खरेदी रजिस्टर मागितले. त्याने ते निःसंकोच दिले. चार तंबोरे आल्याच्या तारखा होत्या. रक्कम होती. ‘दिली’ या रकान्यात काही नव्हते. सर्वांत जुना तंबोरा चौदा महिन्यांपूर्वी आलेला होता.

मी विचारले, ‘‘अरे, यांचे पैसे?’’

तो सहजपणे म्हणाला, ‘‘काका, ते विकल्यावर द्यायचे. सगळेच तसे करतात.’’

क्षणभर मला त्या शाखेतील टेबल दिसले, आणि पलीकडे बसलेला तो कारागीर. तीस वर्षांपूर्वी ज्या दुकानदाराला मी मनातल्या मनात दोष दिला होता, तो माझ्या घरातच बसला होता. त्याच्या मनात कपट नव्हते. आपल्या बाजारात रूढ झालेल्या गोष्टीला कोणी चूक म्हणत नाही एवढेच. कारागीर मागच्या दाराने विकतो अशी त्याची तक्रार होती. पण पुढच्या दाराने गेलेल्या मालाचे पैसे चौदा महिने येत नसतील, तर माणूस दुसरे कोणते दार वापरील?

मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. मग कायदाही सांगितला, कारण तरुणांना नुसती गोष्ट पुरत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचा माल घेतल्यावर लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. शिवाय २०२३ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात भर घातली आणि २०२३-२४ या वर्षापासून असे मुदतीबाहेर थकलेले देणे प्रत्यक्ष चुकते केल्याच्या वर्षीच खर्च म्हणून वजा मिळू लागले. कारागिराने ‘उद्यम’ नोंदणी केली आहे की नाही हे विचारून घेणे म्हणूनच आपल्याच हिताचे. पुष्कळ छोट्या कारागिरांना ही नोंदणी विनामूल्य होते हेही ठाऊक नसते. ते त्यांना सांगणे मला तरी व्यापाऱ्याचे कर्तव्य वाटते.

‘विकल्यावर पैसे’ ही पद्धत मुळातच बेकायदा आहे असे नाही. पण मग तो माल आपण विकत घेतलेला नाही, केवळ सांभाळायला घेतला आहे, हे लेखी हवे. मालकी कारागिराची, आपली फक्त अडत. सांभाळायला घेतलेली वस्तू स्वतःच्या वस्तूप्रमाणे जपणे १८७२ च्या करार कायद्याने बंधनकारक आहे. दरमहा हिशेब पाठवला पाहिजे, आणि कारागिराने मागताच माल परत केला पाहिजे. आपल्या वाडवडिलांनी हळदीच्या आणि गुळाच्या पेठांत अडत याच विश्वासावर केली. खरेदीचा नफा आणि अडतीची निर्धास्ती अशा दोन डगरींवर पाय ठेवणे त्यांच्या वहीत बसत नव्हते.

दोन तंबोरे गेले, दोन राहिले

पुतण्याने काय केले ते सांगून लेख संपवतो. त्याने बंधूंना सांगून दोन तंबोऱ्यांचे पैसे एकरकमी पाठवले आणि उरलेले दोन स्वखर्चाने परत केले. सोबत पत्र लिहिले. त्यात मजकूर असा होता : माझ्याकडे दोनच तंबोरे राहतील, पण ते माझ्या पैशांचे असतील. ज्यांना स्वराच्या मापाचे वाद्य हवे त्यांना मी तुमचा पत्ता स्वतःहून देईन. त्यावर मला नफा नको. वर्षातून दोनदा तुमच्याकडील एक माणूस दोन दिवसांसाठी पनवेलला पाठवा. राहण्याची व्यवस्था आमच्या घरी. भागातील सगळे तंबोरे-सतारी मी गोळा करून ठेवीन. जवारीचे पैसे तुमचे, जमवाजमवीचे शुल्क माझे.

मला स्वतःला हा बेत थोडा भाबडा वाटला होता. पत्ता फुकट देणारा दुकानदार मी बँकेत असताना पाहिलेला नव्हता.

पहिल्या खेपेला सहा वाद्ये जमली. दुसऱ्या खेपेला, या पावसाळ्यात, अकरा. त्यात नवीन पनवेलच्या त्या संगीतशिक्षिकांचा तंबोराही होता. श्रावणाच्या ओलीने खुंट्या अडकल्या होत्या आणि जवारी बसली होती. त्या जरा संकोचानेच जिना चढून आल्या. ‘‘तुमच्याकडून घेतला नाही, तरी दुरुस्त करून मिळेल का?’’ असे त्यांनी विचारले. पुतण्याने तंबोरा उतरवून घेतला, गवसणी काढली आणि पावती लिहायला बसला. त्यांच्या दोन विद्यार्थिनींनी पुढे इलेक्ट्रॉनिक तंबोरे आमच्याच दुकानातून घेतले.

वर्षाच्या हिशेबात या सगळ्याने मोठी भर पडली नाही. वाद्यविभागाचा नफा जवळपास होता तेवढाच आहे. कीबोर्डला दोन तंबोऱ्यांची जागा मिळाली, तीही कामी आली. फरक एवढाच की आता मिरजेहून फोन येतो तेव्हा पुतण्या तो टाळत नाही.

तो चर्चमध्ये वाजवणारा तरुण मध्यंतरी पुन्हा येऊन गेला. परदेशातील एका कारागिराकडे त्याने आपल्या गुडघ्यांचे माप पाठवले आहे आणि तो रांगेत आहे. जाताना गिटारीच्या तारांचे दोन संच मात्र आमच्याकडून रोखीने घेऊन गेला.